जून ते गणपती: शाळेची बातमी प्रत्येक घरी पोचवायची कशी

चार वर्षांपूर्वी जुलैत एका दिवशी पाऊस थांबेना, म्हणून आमच्या शाळेने साडेबाराला मुलं सोडायचं ठरवलं. मी वर्गप्रतिनिधी, म्हणजे वर्गातल्या पालकांची प्रतिनिधी, होते. अकरा वाजता मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला, चार-पाच जणींचे अंगठे आले आणि काम झालं असं मी धरून चालले. दुसरीतली एक मुलगी अडीच वाजेपर्यंत प्यूनकाकांच्या स्टुलावर बसून राहिली. तिची आई बडोद्याच्या डांडिया बाजारात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. ग्रुपमध्ये होता तो नंबर थोरल्या मुलाचा, आणि फोन त्याच्याबरोबर कॉलेजात गेलेला. नेहमीच्या वेळेला ती घ्यायला आली आणि म्हणाली, "ताई, मला कुणी सांगितलंच नाही." मी तिला ग्रुप उघडून निरोप दाखवायला निघाले होते, पण थांबले. तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

त्या दिवसापासून मी शाळेची बातमी वेगळ्या रीतीने पोचवायला लागले. एकेका वर्षी चुकत, दुरुस्त करत बसवलेली ती रीत इथे क्रमाने लिहिते आहे. आमची शाळा गुजराती माध्यमाची, घरं मात्र मराठी, गुजराती, हिंदी अशी मिसळलेली. बडोद्यात मांडवीपासून मांजलपूरपर्यंत अशा शाळा पुष्कळ आहेत. ज्यांची मुलं यंदा पहिली-दुसरीत आहेत, किंवा ज्यांच्या गळ्यात वर्गप्रतिनिधीचं काम नुकतंच पडलं आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आपण पालक म्हणतो, शाळा 'वाली' म्हणते. मराठीत वाली हा शब्द आपण बहुतेक 'त्याला कुणी वाली नाही' एवढ्यापुरताच वापरतो. पण वाली मिटिंग म्हणताना मला त्या शब्दाचा जुना अर्थ आठवतो, पाठीशी उभा राहणारा.

शाळा उघडण्याआधी: आचार्यांची भेट

शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडते. शिक्षक त्याआधीच कामाला लागलेले असतात. तेव्हा आचार्यांची, म्हणजे मुख्याध्यापकांची, वेळ घ्या आणि तीनच गोष्टी विचारून ठेवा. वर्गाच्या वतीने घरोघरी कागद पाठवायला परवानगी आहे का? तो पाठवण्याआधी कोण वाचणार? आणि अचानक सुट्टी द्यायची झाली तर तो निर्णय कोण, किती वाजेपर्यंत कळवणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून त्यांना दाखवा. तोंडी ठरलेलं पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातं.

वर्गशिक्षिकेला, म्हणजे बेनला, वेगळं भेटा. आपण तिच्या कामात लुडबुड करायला आलो नाही, हे तिला पहिल्या भेटीतच कळायला हवं. मी सरळ विचारते, "बेन, पालकांना दहा वेळा सांगून तुम्ही कंटाळता असं काय आहे?" डब्यात काय द्यावं, नावं न घातलेले रेनकोट, उशिरा येणं अशी यादी लगेच मिळते. वर्षाच्या पहिल्या बातमीपत्राचा निम्मा मजकूर तिथेच तयार होतो.

पहिला आठवडा: घराचा कागद

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. नावनोंदणीचा फॉर्म शाळेकडे असतोच, पण त्यात बापाचा नंबर असतो आणि बाप मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला असतो. आपला कागद वेगळा. अर्ध्या पानाचा, सहा प्रश्नांचा:

मुलाला शाळेत कोण सोडतं, कोण घेऊन जातं?
दिवसा अकरा ते तीन ज्याचा फोन नक्की उचलला जातो, अशा माणसाचा नंबर कोणता? (आजी, दुकानदार मामा, शेजारच्या काकी, कुणीही चालेल.)
फोन लागला नाही तर जवळ राहणारं कोण?
घरात चिठ्ठी कोण वाचतं, आणि कुठल्या लिपीत वाचायला सोपं जातं?
शाळेत यायला कुठली वेळ जमते?
मुलाची तब्येत, चष्मा, अॅलर्जी, भीती, काही सांगायचं आहे का?

चौथा प्रश्न मी दुसऱ्या वर्षी घातला आणि डोळे उघडले. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरात आई-बाप गुजराती सहज वाचतात, आजीला मात्र देवनागरी लागते, आणि मुलाला आणायला आजीच येते. जळगाव-धुळ्याकडून नव्याने आलेल्या घरांना गुजराती बोललेलं कळतं, अक्षरं कळत नाहीत. आणि काही घरांत वाचणारं फक्त तिसरीतलं मूलच असतं. अशा घराचा निरोप तोंडीच जायला हवा, आणि कोणी सांगायचा ते नाव त्याच कागदावर लिहून ठेवायला हवं.

कागद मुलाच्या हाती देऊन परत यायची वाट पाहू नका. पहिले तीन दिवस सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून भरून घ्या. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांना "मी विचारते, तुम्ही सांगा" म्हणा, बाकी काही बोलू नका. चौथ्या दिवशी किती राहिले ते मोजा. आमच्याकडे दरवर्षी पाच-सहा राहतात. वर्षभर ज्यांच्यापर्यंत काही पोचत नाही ती घरं बहुतेक हीच असतात, म्हणून त्यांच्याकडे मी घरी जाते. चहा होतो, कागद भरतो, आणि पुढे वर्षभर ते आपल्याला नावाने ओळखतात.

नंबर आणि तब्येतीची माहिती आपल्या वहीत आणि बेनकडे, एवढ्याच दोन ठिकाणी असू द्या. ग्रुपवर यादी टाकायची नाही.

दुसरा आठवडा: एक पान, दोन बाजू

मी पहिलं बातमीपत्र काढलं ते चार पानी होतं. शाळेचा इतिहास, सुविचार, सत्काराचे फोटो. दुसऱ्या दिवशी त्याच्या होड्या पटांगणातल्या डबक्यात तरंगत होत्या. आता एकच पान काढते, दर दुसऱ्या सोमवारी. एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला देवनागरीत मराठी, त्यात हिंदीवाल्यांचंही भागतं. अक्षर मोठं, आजीला चष्मा न शोधता वाचता येईल एवढं.

पानावर चार गोष्टी असतात. सगळ्यात वर तारखा: काय, कधी, किती वाजता, बरोबर काय आणायचं. मग या पंधरवड्यात वर्गात काय शिकवताहेत ते दोन ओळींत, आणि घरी करायची एक गोष्ट. मग कोणी कशाला हातभार लावला त्याची नोंद. शेवटी एकच मागणी. दोन मागण्या केल्या की एकही पुरी होत नाही, हे मी पाहिलं आहे.

निरोप लिहिताना वाचणाऱ्याच्या मनात येणारे प्रश्न आधीच सोडवा. आमचा गेल्या वर्षीचा एक निरोप असा होता: "बुधवारी सकाळी आठला दुसरीची वाली मिटिंग. चाळीस मिनिटांत सुटेल. धाकटं मूल सोबत आणलं तरी चालेल, बसायला सतरंजी आहे. येणं जमत नसेल तर या चिठ्ठीच्या मागे तुमची वेळ लिहा, बेन त्या वेळी भेटतील." यात 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' नाही आणि 'उपस्थिती अनिवार्य' नाही. असे शब्द आले की मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई समजते, हे आपल्यासाठी नाही.

'घरी करायची एक गोष्ट' हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. मूल शाळेत 'ओगणीस' म्हणतं आणि घरी 'एकोणीस', आणि आईला वाटतं आपण शिकवलं तर गोंधळ होईल, म्हणून ती गप्प बसते. तिला सांगा की भाजी आणताना मुलाला पैसे मोजायला द्या, मराठीत मोजू दे. शाळेतलं आणि घरचं मूल आपोआप जोडतं. मराठी घरांनी गुजरातीकडे पाठ फिरवू नये असंही मला मनापासून वाटतं. २०२३च्या कायद्यानुसार गुजरातमधल्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे, इंग्रजी माध्यमातसुद्धा. ज्या आईला गुजराती वाचता येत नाही ती मुलाच्या पुस्तकावरून त्याच्याबरोबर शिकू शकते. आमच्या वर्गात दोघी अशाच शिकल्या.

'लेसन', म्हणजे गृहपाठ, द्या, जास्त लेसन द्या, असा आग्रह पालकच धरतात. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असावा, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं म्हटलं आहे. हे जूनच्या पहिल्याच अंकात छापा. वीस किलोच्या मुलाला दोन किलोचं दप्तर, असा हिशेब मांडला की सगळ्यांना पटतं. बरीच बाबा मंडळी त्या रात्री दप्तर काट्यावर ठेवून बघतात.

उवा, खरूज, डोळे येणं याची बातमी द्यायची, पण कुणाच्या मुलाचं नाव किंवा बाक कळेल असं काहीही लिहायचं नाही. "या आठवड्यात काही मुलांच्या केसांत उवा आढळल्या आहेत. शनिवार-रविवारी घरातल्या सगळ्यांचेच केस बघा." एवढं पुरे.

व्हॉट्सअॅप: दोन ग्रुप, एक यादी

सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यात फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा. गप्पा, शुभ सकाळ, हरवलेली पाण्याची बाटली यांसाठी दुसरा ग्रुप. दोन्ही एकत्र असले की सुट्टीचा निरोप गुलाबाच्या फुलांखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो निरोप मिळतच नाही. म्हणून फाटकाशी कागद भरून घेतानाच आपला नंबर समोरच्याच्या फोनमध्ये साठवून द्या. महत्त्वाचा निरोप लिहिण्यापेक्षा वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आधी मराठीत आणि मग गुजरातीत "काले शाळा बार वाग्ये छूटशे". न वाचणाऱ्या घरातही तो ऐकला जातो.

मुलांचे फोटो गप्पांच्या ग्रुपवर टाकण्याआधी पालकांची लेखी हो-नाही घ्या, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

पावसाची साखळी

हे जूनमध्येच बसवा, ऑगस्टची वाट पाहू नका. ३१ जुलै २०१९चा पाऊस आणि २०२४च्या ऑगस्टअखेरचा विश्वामित्री नदीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पाणी चढतं तेव्हा वीज जाते, नेटवर्क जातं, आणि मग निरोप माणसाकडून माणसाकडेच जातो.

घराच्या कागदावरून पत्त्यांनुसार पाच-सहा घरांचे गट करा. वाडीचा एक, बाबाजीपुऱ्याचा एक, नवापुऱ्याचा एक. प्रत्येक गटाला एक पुढारी, शक्यतो दिवसा घरी असणारी. शाळेचा निरोप आला की वर्गप्रतिनिधी फक्त पुढाऱ्यांना फोन करते. पुढारी आपल्या घरांना, आणि सगळ्यांना कळलं की परत वर "झालं" असं कळवते. 'झालं' आल्याशिवाय साखळी पुरी झाली असं धरायचं नाही. ज्या घरी कुणीच नसतं त्यांचं मूल कुणाबरोबर जाईल, त्याचं नाव आधीच लिहून, आईची सही घेऊन बेनकडे द्या. जूनच्या शेवटच्या शनिवारी एकदा खोटा निरोप सोडून तालीम करा. पहिल्या तालमीत आमच्या दोन घरांना काहीच कळलं नव्हतं. मेसवाल्या ताईंच्या गटाची पुढारी आता त्यांच्याच चाळीतल्या आजी आहेत, आणि फोन थेट मेसच्या मालकाच्या गल्ल्यावर जातो.

पहिली वाली मिटिंग

ती जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्यच आहे. तेव्हा मिटिंग मागणं म्हणजे तक्रार नव्हे. पण ती घेतात कशी यावर सगळं आहे. वर्गात सगळ्यांसमोर मूल कच्चं आहे असं ऐकलेली आई पुन्हा येत नाही. बेनला आधीच विनंती करा की मुलांविषयी बोलायचं ते बाजूला, एकेकटं. सगळ्यांसमोर वर्गाचं वर्ष कसं जाणार तेवढंच.

बाकं भिंतीला लावून गोल बसा. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं अवघडतात. एक वेळ सकाळी शाळा भरताना, दुसरी संध्याकाळी सहाच्या पुढे, अशा दोन वेळा ठेवल्या की शिफ्टवाले बाबाही येतात. जे दोन्हीला आले नाहीत त्यांची नावं त्याच रात्री लिहा आणि आठवड्याच्या आत फोन करा. "का आला नाहीत" असं विचारू नका, "काय झालं ते सांगते" असं म्हणा.

मिटिंग संपायच्या आधी कामांचा तक्ता फिरवा. 'शाळेला मदत करा' म्हटलं तर कुणी पुढे येत नाही. कामं बारीक तोडा: महिन्यातून एकदा अर्धा तास पुस्तकांना कव्हर घालणं, शनिवारी मुलांना गोष्ट सांगणं, दोन पंखे दुरुस्त करणं, बातमीपत्राचं गुजराती तपासणं, घरी बसून चाळीस बॅज कापणं. शेवटचं काम मेसवाल्या ताईंनी मागून घेतलं आणि रात्री दहानंतर बसून पुरं केलं. गोष्टीच्या तासाला आजी-आजोबांना बोलवा. आमच्या एका आजोबांनी सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केल्याची गोष्ट सांगितली. आपल्या पणजीला त्याच सक्तीमुळे शाळेत घातलं होतं, हे ते सांगत असताना पोरं डोळे विस्फारून ऐकत होती.

पैसे शक्यतो गोळा करू नका. करावेच लागले तर पावती, आणि पुढच्या अंकात जमा-खर्च पैशापैशाने. कुणी किती दिले ती नावं मात्र छापायची नाहीत.

एसएमसी आणि तिथिभोजन

सरकारी, नगर शिक्षण समितीच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती (एसएमसी) असते. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं असतं, इतर ठिकाणी शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाचा खर्च पाहणं तिच्याकडे येतं. विनाअनुदानित खासगी शाळांना ही सक्ती नाही, तिथे वर्गप्रतिनिधींवरच भिस्त. समितीत कोण आहे हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं. म्हणून नावं आणि पुढच्या बैठकीची तारीख जुलैच्या अंकात छापा, आणि बैठकीनंतर काय ठरलं ते तीन ओळींत सांगा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी महिनोन्महिने तुटलेली होती, ती या तीन ओळींत आल्यावर आठ दिवसांत बसली.

मध्यान्ह भोजन असलेल्या शाळेत तिथिभोजनाची चांगली प्रथा आहे. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने घरातून मुलांना जेवण किंवा एखादा पदार्थ द्यायचा. शाळेला आधी कळवा, ताजं आणि साधं द्या, आणि मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून बघा. श्रीखंड-पुरीची चढाओढ सुरू होऊ देऊ नका. आमच्या वर्गाने ठरवलं आहे की फळच द्यायचं, केळी किंवा पेरू. मग रिक्षावाले भाऊसुद्धा मुलीच्या वाढदिवसाला देऊ शकतात.

सहलीची चिठ्ठी

सहल हिवाळ्यात निघते, पण तिचे नियम जुलैतच ठरवून घ्या. १८ जानेवारी २०२४ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. या शहरात कुठल्याही आईने सहलीच्या चिठ्ठीवर न वाचता सही करू नये. चिठ्ठीवर हे असलंच पाहिजे: कुठे जाणार, गाडी कोणाची, किती मुलांमागे एक मोठं माणूस, पाण्याजवळ जाणार का, बोटीत बसणार असतील तर प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते कोण तपासणार. यातलं एकही उत्तर नसेल तर सही थांबवा आणि बेनला विचारा. विचारणाऱ्या पालकाला कुणी भित्रा म्हटलं तर म्हणू दे.

गणपतीच्या आधी: वही पुन्हा उघडा

गणपतीपासून नवरात्रीपर्यंत बडोद्याला कशालाच सवड नसते. म्हणून श्रावणात एक संध्याकाळ काढून घराच्या कागदांची वही घेऊन बसा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहा: या घरातल्या कुणाशी मी जूननंतर प्रत्यक्ष बोलले का? जिथे 'नाही' येईल तिथे खूण करा. यंदा माझ्या वहीत सदतीस नावांपुढे चार खुणा आहेत. एक बाबा रात्रपाळीला असतात, ते सकाळी साडेसातला फाटकाशी भेटतील. एक घर गोरव्याला राहायला गेलं, नंबर बदलला आहे, शेजारच्या काकी आणून देणार आहेत. उरलेल्या दोन घरी रविवारी जायचं आहे, आणि बरोबर मेसवाल्या ताई येणार आहेत. त्या दोन्ही घरांचा रस्ता त्यांना ठाऊक आहे.